कळंब्याच्या नर्सरीतलं पाचोळ्याचं खत: किडे आहेत, म्हणूनच चार स्टार

आधी स्टार सांगून टाकते, पाचपैकी चार. ज्यांना तेवढंच बघायचं होतं त्यांचं काम झालं. पण नर्सरीच्या पेजवर जे एक स्टारवाले रिव्ह्यू पडलेत ते वाचून कुणी हे खत घ्यायचं रद्द करणार असेल तर जरा दम धरा, कारण त्या लोकांनी ज्या गोष्टीसाठी स्टार कापलाय नेमक्या त्याच गोष्टीसाठी मी तिथनं परत परत पोतं उचलते.

तर माल म्हणजे कुजवलेल्या पाचोळ्याचं खत, हल्ली सगळे ज्याला लीफ मोल्ड म्हणतात ते. कळंब्याच्या बाजूला मेन रोड सोडून आत गेलं की ही नर्सरी आहे, नाव टाकत नाही, कोल्हापुरातल्या गच्चीवर बाग करणाऱ्यांना कळलंच असेल. दहा किलोचं पोतं 150 रुपयाला. गांडूळखतापेक्षा थोडं महाग पडतं आणि ऑनलाईन जी चकाचक छापील पिशवी मिळते तिच्यापेक्षा लय स्वस्त. रंग कॉफीच्या जवळचा, हातात घेतलं की ओलसर, वास पहिल्या पावसानंतर झाडाखाली येतो तो. चाळलेलं नसतं. त्यात अर्धवट कुजलेली पानं असतात, पानांच्या नुसत्या शिरा राहिलेल्या असतात, बोटाएवढ्या काटक्या असतात, आणि हो, किडे असतात.

आता त्या किड्यांवरनं काय रामायण झालंय बघा. एकानं लिहिलंय खत उघडलं तर आत तपकिरी कण चालत होते, पैसे परत द्या. दुसऱ्या बाईंनी लिहिलंय की गोचिडीची अंडी आहेत, घरात लहान मूल आहे, सगळं पोतं कचऱ्याच्या गाडीत टाकलं. आमच्या खालच्या मजल्यावरच्या वहिनी एकदा वर आल्या, कुंडीत वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, खसखस सांडलीया म्हणावं तर ही चालायलीया की! काय पाळलंयस काय वर?" मी नर्सरीवाल्या मामांना हे सांगितलं तर ते कुंडी भरता भरता मान पण वर न करता म्हणाले, "ताई, किडं नसल्यालं पायजे आसंल तर कोकोपीट न्या की." कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. कस्टमर सर्व्हिस म्हणून ह्याला किती मार्क द्यायचे ते तुम्ही ठरवा, मला तर आवडलं.

पण मला स्वतःला बघायचं होतं की हे आहे काय. गुजरीतनं सोनार वापरतात तसलं दहापट दिसणारं भिंग आणलं, पांढऱ्या चिनी मातीच्या बशीत मूठभर खत पसरलं आणि उन्हाला पाठ करून बसले. पहिल्यांदा काहीच हलत नाही. मग एकेक जण निघतो. उड्या मारणारे पांढरट ते स्प्रिंगटेल, ते ओळखीचे होते. तुरुतुरु पळणारे फिकट तपकिरी ते शिकारी माइट (माइट म्हणजे डोळ्याला जेमतेम दिसणारे आठ पायांचे जीव), कधी एका जागी थांबतच नाहीत. आणि तिसरे म्हणजे ज्यांच्यावरनं हा सगळा गोंधळ चाललाय ते, गोलसर, चकचकीत, चॉकलेटी, साधारण अर्धा मिलिमीटर, एखादा मोठा असला तर एकपर्यंत. चाल इतकी संथ की तुम्हाला वाटेल ह्याला कुठं जायचंच नाही. कॅमलच्या बारीक ब्रशचा एक केस त्याला लावला की खेळ खल्लास, पाय गायब, तोंड गायब, बशीत नुसतं एक गुळगुळीत बी पडलेलं. चिमटीनं उलटंपालटं करा, काही नाही. मग गप बसून वाट बघायची. बऱ्याच वेळानं पुढची बाजू किंचित उचलते, फटीतनं एक पाय बाहेर येतो, मग दुसरा, आणि हा गडी काही झालंच नाही असा परत चालू लागतो.

हे फ्थिरॅकॅरिडी नावाच्या कुळातले माइट. नाव उच्चारायला माझी पण जीभ वळली नाही पहिल्यांदा. ओरिबॅटिड म्हणून माइटचा एक मोठा गट आहे, जगभरात 10,000 च्या वर जाती नोंदलेल्या आहेत, बहुतेक सगळे मातीत, पाचोळ्यात, शेवाळ्यात राहणारे, त्यातलं हे एक कुळ, आणि ह्यांचा मुक्काम सडकं लाकूड आणि कुजका पाला. आठ पाय, म्हणजे कीटक नव्हेतच, कोळी-विंचवाच्या खानदानातले. डोक्याच्या बाजूला एक ढाल असते ती पोटाच्या कवचाला बिजागरीनं जोडल्यासारखी असते, धोका वाटला की स्नायू आखडून सगळे पाय आत ओढायचे आणि ती ढाल खाली पाडून झाकण लावून टाकायचं. परत उघडताना पाय बाहेर यायला अंगातल्या द्रवाचा दाब लागतो. आणि कवच नुसतं कातडं नाही, त्यात चुनखडी असते, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच, त्यामुळं ते कडक. आतमध्ये बारीक शिकारी माइट मागं लागले तरी त्यांना दात कुठं लावायचा हेच कळत नाही. मला तर ही मशीन बघूनच 150 रुपये वसूल झाल्यासारखं वाटलं, खत बाजूलाच राहू दे.

बरं, ते खातात काय? तुमचा गुलाब नाही, टोमॅटोची मुळं नाहीत आणि तुम्ही तर नाहीच नाही. बुरशीनं मऊ केलेलं लाकूड आणि कुजलेली पानं. पोत्यात ज्या काटक्या असतात ना, ज्यांच्याबद्दल पण एकानं तक्रार केलीय की वजन वाढवायला घातल्यात, त्यातली चांगली काळी पडलेली, बोटानं दाबली की दबते अशी एक काटकी घ्या आणि उभी चिरा. बाहेरनं साल धड दिसते आणि आत बोगदे. बोगद्यात बारीक बारीक गोळ्या भरलेल्या दिसतात, भुकटीगत, ती त्यांची विष्ठा. आणि नशीब चांगलं असेल तर त्या भुश्यात एखादं पांढुरकं, मऊ, गुबगुबीत पिल्लू. ह्यांची पिल्लं आख्खं बालपण त्या लाकडाच्या आतच काढतात, अंड्यातनं निघताना सहाच पाय असतात, मग कात टाकत टाकत आठ होतात, आणि ते झाकण लावायचं काम फक्त मोठ्यांना जमतं, पिल्लांना नाही. म्हणून तर ती आत लपून खात बसतात. ह्या खाण्यातनं आपल्याला मिळतं काय तर कडक लाकडाचा बारीक चुरा, आणि चुरा झाला की जिवाणू आणि बुरशीला काम करायला जागा वाढते. मामांच्या खतात जो तो भुसभुशीत बारीक भाग असतो, जो हातात घेतल्यावर आपण वा वा करतो, तो बराचसा अशाच बारक्या तोंडांतनं जाऊन आलेला असतो. म्हणजे किडे नकोत पण खत पाहिजे असं म्हणणाऱ्यांनी जरा विचार करावा.

आणि हा धंदा त्यांचा आजचा नाही. ओरिबॅटिडचे जीवाश्म साधारण 38 कोटी वर्षांपूर्वीचे सापडलेत. दगडी कोळसा ज्या दलदलीच्या जंगलांपासनं तयार झाला त्या काळातल्या लाकडात सुद्धा असलेच बोगदे आणि असल्याच गोळ्या मिळाल्यात. डायनासोर यायच्या आधीपासनं ही कंपनी चालू आहे आणि आपण एक स्टार देतोय.

आता ज्यांना खरंच भीती वाटते त्यांच्यासाठी, कारण भीती अगदीच खोटी नाही. आपल्याकडं शेतीत माइट म्हटलं की लाल कोळी डोळ्यासमोर येतो, वांग्यावर, भेंडीवर, गुलाबावर उन्हाळ्यात येतो तो, त्यानं झाडाची वाट लावलेली सगळ्यांनी बघितलीय. पण तो जिवंत पानाच्या खालच्या बाजूला असतो, बारीक जाळी करतो, पानावर पिवळे ठिपके पडतात. कुजक्या पाचोळ्यात त्याला खायला काहीच नाही. म्हणजे ओळखायची रीत सोपी आहे, पानावर आहे का मातीत आहे ते बघा. गोचीड तर लांबची गोष्ट, तिला रक्त लागतं. गादीतल्या धुळीचे माइट, ज्यानं शिंका येतात, ते नात्यानं ह्या ओरिबॅटिड गटाच्या जवळचेच मानतात, पण त्यांचं घर वेगळं आणि खाणं वेगळं, पाचोळ्यातला हा गडी घरात कोरड्या फरशीवर आला तर सुकून मरतो.

सगळेच ओरिबॅटिड साधुसंत आहेत असं पण मी म्हणणार नाही. कुरणातल्या गवतावर चढणारे ह्यांचेच काही भाऊबंद शेळ्यामेंढ्यांमधल्या मोनिझिया नावाच्या पट्टकृमीचे वाहक असतात, कृमीची अंडी माइट खातो, माइट चिकटलेलं गवत मेंढी खाते आणि कृमी तिच्या आतड्यात मोठा होतो. करवीर-कागल पट्ट्यात ज्यांच्या घरी शेरडं आहेत त्यांना ही भानगड डॉक्टरांनी सांगितली असेल. पण ती सगळी चराऊ रानातली गोष्ट झाली, गच्चीवर कुंडीतला पाला खायला कोण मेंढी आणून बांधत नाही.

ज्यांना घरी नीट मोजून बघायचं असेल त्यांनी एक जुगाड करा. अँटोनिओ बर्लेसे नावाच्या इटालियन माणसानं 1905 मध्ये असलं यंत्र काढलं, पुढं टुलग्रेन म्हणून स्वीडिश माणसानं त्याला बल्ब लावला, आणि आजही जगभर मातीतले जीव काढायला हेच वापरतात. दोन लिटरची बाटली कापायची, वरचा भाग उलटा नरसाळ्यागत ठेवायचा, आत जाळी, जाळीवर खत, वर बल्ब, खाली वाटीत थोडं स्पिरिट, नाहीतर जिवंत बघायचे असतील तर ओला टिश्यू. वरनं खत तापत आणि सुकत जातं तसे हे सगळे ओलाव्याकडं खाली सरकतात आणि वाटीत पडतात. एक लक्षात ठेवा, एलईडी बल्ब चालत नाही, तो तापतच नाही, जुना पिवळा बल्ब पाहिजे, लक्ष्मीपुरीत अजून मिळतो. मी मामांचं खत आणि एका ऑनलाईन ब्रँडचं खत दोन्ही असं लावून बघितलं. मामांच्या वाटीत जत्रा भरली होती. ब्रँडच्या वाटीत काहीही नाही, स्पिरिट जसंच्या तसं. पिशवीवर मात्र 'लाइव्ह' असं हिरव्या अक्षरात छापलेलं.

आणि म्हणूनच मला त्या रिव्ह्यूंखाली लोक जे सल्ले देतायत ते वाचून राग येतो. कोण म्हणतं कीटकनाशक ओता, कोण म्हणतं उन्हात काळ्या प्लास्टिकखाली आठवडाभर भाजा, एकानं तर कढईत परतून घ्या म्हणून सांगितलंय, खत आहे का पोह्याचा चिवडा! उंदीर, मुंग्या, सायरिड माशी (ओल्या कुंडीवर घोंघावणारी बारीक काळी माशी) झाली तर उपाय करा की, कोण नाही म्हणतंय, पण ह्या झाकणवाल्यांना मारून काय मिळणार? त्यात हे लोक वाढायला फार हळू, अंडी थोडी घालतात, मोठं व्हायला थंड देशांत वर्ष-वर्ष सुद्धा लागतं, म्हणजे एकदा मारले की लवकर परत येत नाहीत. तुम्ही 150 रुपये देऊन माल आणि कामगार दोन्ही घेतले आणि घरी येऊन कामगार मारले, असा हिशेब झाला.

आता जो एक स्टार कापलाय तो कशाला. पहिलं म्हणजे नर्सरीच्या पाटीवर लिहिलंय 'संपूर्ण खत, दुसरं काही घालायची गरज नाही'. हे साफ चूक आहे. पाचोळ्याच्या खतात नत्र कमी असतो, हे मातीचा पोत सुधारायला, ओलावा धरायला, मुळांना हवा मिळायला एक नंबर आहे, पण नुसत्या ह्याच्यावर मिरची लावली तर मिरची पिवळीच राहणार. शेणखत नाहीतर गांडूळखत जोडीला पाहिजेच. मी मामांना बोलले तर म्हणाले पाटी पोरानं रंगवली. बरं, मग पोराला पुसायला सांगा की.

दुसरं, वजन. ओल्या दिवसात पोतं पाण्यानं जड असतं, दहा किलोतलं निम्मं पाणीच म्हणायचं, त्यामुळं पावसाळ्यात घेतलेलं पोतं कुंड्यांत भरायला गेलं की लवकर संपतं. किलोवर विकण्यापेक्षा घमेल्यावर विकलं तर भांडण मिटेल. तिसरं, प्लास्टिक. गुटख्याच्या पुड्यांचे तुकडे, एकदा तर राखीचा गोंडा निघाला. पाचोळा झाडून गोळा केला की हे येणार हे कळतं, पण ढीग लावायच्या आधी एकदा हात फिरवला असता तर बरं झालं असतं.

आणि सगळ्यात मोठी तक्रार पॅकिंगची. पावसात पोतं भिजतं म्हणून मध्ये त्यांनी जाड प्लास्टिकच्या पिशव्या काढल्या, तोंड सील केलेलं, दिसायला एकदम दुकानातल्यासारखं. तसली एक मी उचलली आणि घरी उघडली तर नाल्यासारखा आंबूस वास, आत हवाच नाही, सगळं चिकट काळं, आणि भिंगाखाली बघितलं तर तेच माइट पाय आत न घेता तसेच मेलेले. परत घेऊन गेले. मामांनी बदलून दिली, कुरकुर केली पण दिली, वर म्हणाले, "गिऱ्हाईकच म्हणत्यात पिशवी पायजे." ते पण खरं असेल. पण मग निदान पिशवीला भोकं पाडा ना, किती वेळ लागतो.

एक गोष्ट मी आवर्जून विचारली आणि तुम्ही पण कुठंही घेताना विचारा, पाचोळा आणता कुठनं? कारण हल्ली 'जंगलातलं अस्सल खत' म्हणून विकायची फॅशन आलीय, आणि आपल्याकडं जंगल म्हटलं की लोकांच्या डोक्यात राधानगरी-दाजीपूरच येतं. ते अभयारण्य आहे, गव्यांसाठी प्रसिद्ध, 2012 पासनं पश्चिम घाटाच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे, तिथनं पोती भरून पाला उचलणं म्हणजे कायद्यानं गुन्हा आणि तिथल्या मातीच्या तोंडचा घास काढणं. थंड प्रदेशातल्या जंगलात एका चौरस मीटरच्या पाचोळ्यात ओरिबॅटिड लाखाच्या वर सुद्धा भरतात, म्हणजे एक पोतं उचललं तर किती जणांचं घर उचललं ते बघा. मामांनी लगेच दाखवलं, मागच्या बाजूला आंबा, फणस आणि जांभळाची त्यांची स्वतःची झाडं, शेजारच्या दोन मळ्यांतला पाला, जाळीच्या गोल कुंपणात ढीग, जुना ढीग दोन पावसाळे बघितलेला. त्या जुन्या ढिगाच्या तळाशी बाभळीचा एक ओंडका पडलाय, मुद्दाम ठेवलाय म्हणे, "त्याच्यातनं बी बियाणं सुटतंय" असं ते म्हणाले. कुणी शिकवलं म्हणून विचारलं तर हसले नुसते.

आपल्याकडं लोक ऊस तोडला की पाचट पेटवतात आणि चार दिवस आख्खा पट्टा धुरात, आणि नंतर खताच्या दुकानात रांग. हे आपलं उगाच आठवलं म्हणून लिहिलं, मामांचा काही संबंध नाही, त्यांच्याकडं तर लोकांनी पाचट आणून टाकलं तरी ते घेतात.

वापराचं म्हणाल तर मी तीन भाग माती, दोन भाग हे, एक भाग शेणखत असं घालते आणि वर अर्धवट कुजलेला जाडा भाग आच्छादन म्हणून पसरते, काटक्यांसकट. उन्हाळ्यात पाणी एक दिवसाआड दिलं तरी भागतं, आधी रोज घालावं लागायचं. कढीपत्ता आणि मोगरा खुश आहेत. निवडुंग आणि जेड असल्या झाडांना मात्र घालू नका, ओल धरून ठेवतं, मुळं कुजतील. घरात, हॉलमध्ये कुंडी ठेवणार असाल आणि चालणारा ठिपका बघून घरच्यांना झोप लागणार नसेल तर कोकोपीटच घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

घ्यायला जाणार असाल तर दिवाळीनंतर जा, तेव्हा माल सुकलेला आणि हलका असतो. गोणपाटाचं पोतं मागा, सील पिशवी देत असतील तर नको म्हणा. जुन्या ढिगातलं द्या असं सांगितलं तर देतात, पण सांगावं लागतं, न सांगता नवीन ढिगातलं भरतात. फोन पे चालतं. होम डिलिव्हरी आहे म्हणतात पण राजारामपुरीच्या पुढं यायला कां-कूं करतात, त्यापेक्षा गाडीच्या पुढं पोतं ठेवून आणलेलं परवडलं. रविवारी दुपारी बंद.